बांधावरचा बालाजी

संग्रहालयातून मूर्ती पारखायला आलेल्या विठ्ठलरावांनी बांबूच्या काडीनं तिच्या कंबरपट्ट्यातली माती खरवडली आणि भिंग डोळ्याशी धरलं. बांधाच्या एका बाजूला लखीराम उभा होता, दुसऱ्या बाजूला त्याचा धाकटा भाऊ उत्तमसिंग. दोघांच्याही खांद्यावर कुऱ्हाडी होत्या. त्यांची आई बसंतीबाई मधोमध बसून होती.

"लवकर बोला, साहेब," लखीराम म्हणाला. "ह्यानं दिग्रसहून नवा देव घडवून आणला अन् माह्या बांधात गाडला. आता मंदिराच्या नावानं बांध गिळून राह्यला."

"याडीची, ह्या मायची आन! माह्या नांगराले लागला बालाजी," उत्तमसिंग ओरडला.

विठ्ठलराव काम करत राहिले. मातीतला चुना दगडाच्या अंगात मुरला होता, काडीनं निघत नव्हता. उजव्या खालच्या हातात कमळ, मग शंख, चक्र, गदा. बाजारातला कारागीर एवढा क्रम सांभाळत बसत नाही. संग्रहालयात उभी हयात घालवूनही अशी मूर्ती त्यांनी पाहिली नव्हती आणि ती आपल्याकडे यावी म्हणून त्यांचा जीव तुटत होता. पण इथं देऊळ झालं की संपलंच. तेलाशेंदराच्या थरांखाली देवाचं नाकसुद्धा सापडत नाही.

"अस्सल आहे," ते म्हणाले. "सातआठशे वर्षांची."

उत्तमसिंग हसला. त्याचं हसू पुरतं व्हायच्या आत लखीरामची कुऱ्हाड त्याच्या खांद्यात रुतली. तो गुडघ्यावर आला आणि तिथूनच त्यानं उलटा वार केला. लखीरामचा कान लोंबू लागला. रक्त मूर्तीच्या तोंडावर उडालं.

"मारतेत रे एकमेकाले! सोडवा कोणी!" बसंतीबाई मधे पडली आणि ढेकळांत फेकली गेली. लखीराम पाय घसरून पडला. उत्तमसिंगची कुऱ्हाड त्याच्या डोक्यावर उचलली गेली.

विठ्ठलरावांनी पिशवीतला हातोडा काढला आणि देवाच्या मनगटावर हाणला.

कमळासकट हात तुटून मातीत पडला. उचललेली कुऱ्हाड तशीच राहिली.

"देव भंगवला यानं," उत्तमसिंग म्हणाला.

मग दोघे भाऊ मिळून विठ्ठलरावांवर तुटून पडले. आत्ता एकमेकांच्या जिवावर उठलेली ही माणसं लाथा घालताना मात्र चांगली एकदिलानं घालत होती. विठ्ठलरावांचा ओठ फाटला, बरगडी मोडली. बसंतीबाई त्यांच्या अंगावर आडवी पडली, तेव्हा कुठं ते थांबले.

भंगलेला देव पुजता येत नाही, शेतातही ठेवता येत नाही. बांधावर आता भांडायला काही उरलं नव्हतं. आरडाओरडा ऐकून बंजारा तांड्यातून धावत आलेल्या माणसांनी मूर्ती गोणपाटात गुंडाळून संग्रहालयाच्या जीपमध्ये चढवली. तुटलेला हात विठ्ठलरावांनी रुमालात बांधून मांडीवर घेतला.

बसंतीबाईनं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माहे लेकरं वाचवले तुमी. देवावर घाव घालताना हात नाही थरथरला तुमचा?"

"थरथरला, बाई," ते म्हणाले. तिच्याकडे बघायची त्यांना लाज वाटली.

हात थरथरला नव्हता. मनगट तिथंच तुटलं तर असं बेमालूम सांधता येईल की कुणाच्या लक्षातही येणार नाही, हे त्यांनी सकाळी मूर्तीचे हात धुतानाच पाहून ठेवलं होतं. तेव्हा या भावांची नावंसुद्धा त्यांना माहीत नव्हती.