चौथा हेडलॅम्प

दादाने तिसरा हेडलॅम्प परत आणला तेव्हा मी त्याला दुकानातच झापलं. गिऱ्हाइकं होती, मालक गल्ल्यावर होते, तरी झापलं. थोरल्या भावाला चारचौघांत बोलू नये वगैरे मला कोणी शिकवलं नाही, आणि शिकवलं असतं तरी टिकलं नसतं.

"तुला हेडलॅम्प हवाय की डोक्यावर सूर्य बांधून हवाय?" मी म्हटलं.

"उजेडच पडत नाही गं ह्याचा," तो म्हणाला. "पिवळट येतो. दहा पावलांवर संपतो."

आमचं दुकान डोंगर चढणाऱ्यांच्या सामानाचं. बूट, दोर, पाठीवरच्या पिशव्या वगैरे मालक बघतात. दिव्यांचं कपाट चौदा वर्षं माझ्याकडे आहे. लोक येतात आणि आधी विचारतात, किती ल्युमेनचा, म्हणजे उजेडाचं माप किती? मी सांगते, ल्युमेन घाला चुलीत. झोत किती लांब जातो, कडेला किती पसरतो, ओल्या हातमोज्याने बटण दाबता येतं का आणि सहा तासांनंतर किती उजेड उरतो, एवढं बघा. आणि हेही मी तोंडी सांगून सोडत नाही. गिऱ्हाइकाच्या डोक्याला दिवा बांधायचा, त्याला मागच्या गोदामात न्यायचं, दार लावून घ्यायचं. समोरच्या भिंतीवर बावीस पावलांवर पांढरी पाटी, तिच्यावर वरून खाली लहान होत जाणारे काळे आकडे. ज्या दिव्यात तळची ओळ वाचता आली तो दिवा तुमचा. पाटी दादानेच रंगवून दिली होती, मी कामाला लागले त्या महिन्यात. ब्रश तोंडात धरून तो स्टुलावर उभा होता आणि मी खालून आकडे सांगत होते.

दादा म्हणजे सव्वीस वर्षं मुरलेला वाटाड्या. पहाटे तीनला पायथ्यापासून निघायचं, अंधारात डोंगराची अरुंद धार चढायची आणि सूर्य उगवायला माथ्यावर लोकांना बसवायचं, हे त्याचं काम. ह्यात त्याने एकाही माणसाचा पाय मुरगळू दिलेला नाही. आमच्या घरात ह्याचा तोरा त्याच्यापेक्षा मलाच जास्त. त्यामुळे त्याने दिवा वाईट म्हटलं की माझ्या लेखी दिवा वाईट.

त्या दिवशी निघताना तो बुटांच्या खोक्यांच्या चळतीला धडकला. सगळी खोकी धडाधड खाली आली.

"डोळे काय घरी ठेवून आलास?" मी म्हटलं. सगळे हसले. तोही हसला. हे वाक्य मी कसं बोलले, ते आठवलं की आजही जीभ हासडून टाकावीशी वाटते.

तिन्ही दिवे मी कंपनीकडे परत पाठवले, सोबत एक सणसणीत पत्र. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तिन्ही दिवे तपासले, उजेड पूर्ण, सेल ठीक, सोबत आलेख जोडला आहे. मी आलेख मालकांसमोर आपटला. म्हटलं, हे लोक धडधडीत खोटं बोलतायत.

गुरुवारी दुपारी तो चौथा दिवा घेऊन आला. जेवणाची वेळ, दुकानात कोणी नाही. ह्या वेळी तो चिडला नव्हता. कपाटासमोरच्या स्टुलावर बसला आणि दिवा मांडीवर ठेवून त्याचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिला.

"रविवारी अकरा जण आहेत," तो म्हणाला. "तो दाताचा डॉक्टर आहे ना, त्याचा ग्रुप. त्यातले सहा पहिल्यांदाच येतायत. मला धड दिवा दे बाई."

"काय झालं?"

"मागच्या खेपेला धारेवर पाय बाहेर पडला. एकच पाय. काठीवर सावरलो. मागच्यांना कळलं नाही." मग बोटाचा पट्टा सोडवत म्हणाला, "दिव्याने दगा दिला."

धारेच्या उजव्या अंगाला काय आहे ते मला माहीत आहे. तिथे काहीच नाही.

"ऊठ," मी म्हटलं. "आज ह्या दिव्याचा निकालच लावू."

आमच्या गोदामाचं दार लावलं की भर दुपारी डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. दादा नेहमीच्या जागी, उंबऱ्याशी मारलेल्या रेघेवर उभा राहिला. त्याने बटण दाबलं. समोरची भिंत लख्ख उजळली. आणि मला आठवलं, मंगळवारी त्या भिंतीला ओल आली म्हणून मालकांनी पाटी काढून डावीकडच्या लोखंडी मांडणीला टेकवून ठेवली होती. समोर नुसती भिंत होती, मधोमध ओलीचा मोठा डाग. अरे पाटी इकडे आहे, असं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात दादा वाचायला लागला.

"आठ," तो म्हणाला. "तीन, पाच. शून्य, दोन, सहा." जरा डोळे बारीक केल्यासारखं करून, "नऊ, चार, चार, एक." आणि तळची ओळ, अडखळत, मुद्दाम अडखळत, "सात... दोन... आठ... शून्य... तीन."

सगळे बरोबर होते. उघड्या भिंतीवरून त्याने एकही आकडा चुकवला नाही.

गिऱ्हाइकांना शेकडो वेळा वाचायला लावलेले आकडे, पण असे मी ते कधीच ऐकले नव्हते.

"बरा आहे हा," तो म्हणाला. "आज बरा चालतोय."

"दादा, पाटी तिथे नाहीये."

तो हलला नाही. दिव्याचा झोतही हलला नाही. मग त्याने हळूहळू मान फिरवली, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे. झोत दोनदा पाटीवरून गेला. दोन्ही वेळा थांबला नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाली." तो तंबूंच्या गठ्ठ्यावर बसला, अंदाजाने, हात मागे फिरवून. "दिवसा ठीक आहे. समोरचं दिसतं. कडेचं जातं. अंधारात समोरचंही जातं."

"डॉक्टर?"

"झाले. दोन झाले. औषध नाही, ऑपरेशन नाही. चष्म्याचा उपयोग नाही. रक्तातून येतं म्हणाले." "आईचं आठवतं तुला?"

आठवत होतं. दिवेलागणीनंतर आई जागची हलत नसे. दारांना धडकायची, भांडी लवंडायची, आणि आम्ही पोरं तिला धांदरट म्हणून चिडवायचो. तीही स्वतःला धांदरटच म्हणायची. तशीच गेली बिचारी, धांदरट म्हणवून घेत.

"म्हणजे तुला माहीत होतं," मी म्हटलं. मला राग आला होता, कोणावर ते कळत नव्हतं. "माहीत असून तू दिवे परत आणत होतास? मी कंपनीशी भांडले रे! माणसांना खोटारडे म्हटलं!"

"दर वेळी वाटायचं, दिवाच खराब निघाला तर," तो म्हणाला. "खरंच वाटायचं गं. एखादा निघतो की खराब."

मी बाहेर गेले आणि कपाटातले सगळे दिवे टोपलीत भरून आणले. मला दुसरं येतं काय? त्याच्या डोक्याला एकेक बांधायचा, चालू करायचा, विचारायचं. लांब झोताचा. पसरट उजेडाचा. पिवळ्या उजेडाचा, धुक्यात चालतो तो. प्रत्येक वेळी तो शहाण्या मुलासारखा मान वर करून बसायचा आणि मी पट्टा आवळायचे. "आता?" "नाही." "आता?" "नाही." शेवटी गुहेत उतरणारे लोक नेतात तो मोठा दिवा काढला, ज्याची सेलची पेटी कमरेला लावावी लागते. तो लावल्यावर गोदामात दिवस उजाडला. मला कोपऱ्यातली कोळिष्टकंसुद्धा दिसली.

"दिसलं!" दादा म्हणाला. "आठ दिसला. पाटीवरचा आठ."

"आणि बाकीची पाटी?"

त्याने मान इकडेतिकडे केली. "बशीएवढं दिसतं. बशीत जे येईल ते." तो उठला, माझ्याकडे यायला निघाला, आणि चौथ्या पावलाला पायाखालच्या टोपलीत अडकून गुडघ्यांवर पडला. टोपली मी आत्ताच त्याच्यासमोर ठेवली होती.

मी त्याला उठवलं. पँट झटकली. लहानपणी तो मला झटकायचा तशी.

"वहिनीला माहीत आहे?"

"नाही." मग घाईघाईने, "एवढा एक रविवार जाऊ दे. ती वाट मला पाठ आहे. दगड न दगड पाठ आहे. दोन वर्षं पाठांतरावरच नेतोय सगळ्यांना, कोणाला काही झालं का? धारेवर एकशे चाळीस पावलं, मग डावीकडे वाकडा दगड, मग..."

"पाटीपण पाठ होती, दादा."

त्याचा हात कपाळावरच्या दिव्याकडे गेला.

"मंगळवारी कोणीतरी हलवली," मी म्हटलं. "तुला कोणी कळवलं नाही. वाकडा दगड हलला तर तुला कोण कळवणार आहे? तुझ्या मागे अकरा माणसं आहेत."

हे बोलताना मला माझा स्वतःचा तिरस्कार वाटला, पण बोलले. दादा पुन्हा तंबूंच्या गठ्ठ्यावर बसला. सव्वीस वर्षं ह्या माणसाला दुसरं काही करताना मी पाहिलं नाही, आणि त्याला दुसरं काही येतही नाही. तो काय करील, घरात दिवसभर कुठे बसेल, वहिनीच्या प्रश्नांना काय सांगेल, ह्यातलं मला काही सुचत नव्हतं.

"तूच फोन कर," तो म्हणाला. "माझ्याच्याने नाही होणार. आणि हे डोळ्यांचं सांगू नकोस. आज नको."

"मग काय सांगू?"

"दिवा नाही म्हणावं."

आम्ही दुकानात आलो. तो माझ्या खांद्याला हात लावून आला, आणि दार उघडून दुपारच्या उजेडात आल्यावरही त्याने तो काढला नाही. मी दाताच्या डॉक्टरला फोन लावला. त्याच्या मागे कसलं तरी यंत्र गुरगुरत होतं.

"रविवारी दादा येऊ शकणार नाही," मी म्हटलं. "त्याला हवा तसा दिवा मिळत नाहीये."

डॉक्टर हसला. "अहो, तुमचंच दुकान आणि तुमच्याकडेच दिवा नाही? मग दुसरीकडे बघा ना!"

"बघितलं," मी म्हटलं. "कुठेच नाही."

तो आणखी काही विचारत होता, पुढच्या महिन्यात येईल का वगैरे. मी फोन ठेवला. दादा स्टुलावर बसून कपाळावरचा मोठा दिवा सोडत होता. त्याने पट्टा नीट गुंडाळला, कमरेची पेटी उघडून सेल एकेक करून बाहेर काढले, काच सदऱ्याच्या टोकाने पुसली आणि दिवा माझ्या हातात दिला.

"हा परत पाठवू नकोस," तो म्हणाला. "ह्याच्यात काही खोट नाही."