टँकर सात, बोला!

मित्रांनो, मी एक जुना वायरलेस संच आहे. डिझेलच्या डेपोत, खिडकीजवळच्या टेबलावर माझं सारं आयुष्य गेलं. कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईंनी शेवटचा स्क्रू पिळून माझ्या माईकमध्ये "हॅलो" म्हटलं, ते मला अजून आठवतं. डेपोत आलो तेव्हा रोज माझ्यावर फडकं फिरायचं. "हा आहे म्हणून आमचं काम चालतं," असं पाहुण्यांना कौतुकाने सांगत. पुढे माझी सवय झाली. डोक्यावर फायली आल्या, लाल दिव्यावर कोणीतरी पत्त्याची चिठ्ठी डकवली, आणि एकदा माईकवर गोड चहा सांडला. तो वरवर पुसला गेला.

माझ्यासमोर ताई बसायच्या. कोणता टँकर कुठे, कोणाच्या टाकीत किती उरलं, सगळं त्यांना तोंडपाठ. टँकरवर मोबाइल बंद ठेवावा लागतो, म्हणून ड्रायव्हरांशी बोलणं माझ्यामार्फतच.

त्या सकाळी सात नंबरचा टँकर चालवणाऱ्या काकांशी त्यांची चांगलीच जुंपली. दवाखान्याची वीज गेली होती, तिथल्या जनरेटरचं डिझेल संपत आलं होतं. म्हणून ताईंनी काकांची ठरलेली फेरी बदलली. "ऐनवेळी नाचवता आम्हाला!" म्हणत काका दार आपटून गेले.

दहा वाजता ताईंनी माईकचं बटण दाबलं. "टँकर सात, कुठे पोहोचलात? बोला!" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, तरी नाही.

"रुसलेत," त्या शेजारच्या कारकुनाला म्हणाल्या. "या वयात काय हे गाल फुगवून बसणं!"

मित्रांनो, मला सांगता येत नव्हतं हो! बोलताना दाबायचं आणि ऐकताना सोडायचं ते बटण चहाच्या साखरेने आतच चिकटलं होतं. त्यामुळे इथला शब्द न् शब्द तिकडे जात होता आणि तिकडचा एकही आवाज इथे येत नव्हता. बटण दाबलेलं आहे हे दाखवणारा माझा लाल दिवा पेटलेला होता, पण चिठ्ठीखाली.

एवढ्यात दवाखान्यातून फोन आला. जेमतेम वीस मिनिटांचं डिझेल उरलं होतं. ताईंचा चेहरा उतरला.

"काका, हवं तेवढं रागवा, पण बोला. गाडीला काही झालं नाही ना? तुम्ही बरे आहात ना? सकाळी मी नीट समजावून सांगायला हवं होतं. चुकलंच माझं."

हताश होऊन त्यांनी माईक टेबलावर टाकला. त्या धक्क्याने बटण टचकन वर आलं.

"...बटण सोडा, ताई, बटण!" काकांचा आवाज घुमला. "केव्हाचा घसा फोडतोय! दवाखान्याच्या पुढच्या फाटकापाशी रस्ता खणलाय, मागच्याला कुलूप आहे. भरला टँकर सोडून मी चावी शोधायला कुठे जाऊ?"

ताईंनी लगेच दवाखान्यात फोन लावला. कुलूप उघडलं, नळी जोडली गेली, जनरेटर चालूच राहिला.

"डिझेल उतरवलं, ताई," काका म्हणाले, "आणि गालही उतरले. सकाळी मीच जास्त बोललो."

ताईंना हसावं की लाजावं कळेना. दुपारी त्यांनी मला उघडून कापसाने आतून पुसलं.

मित्रांनो, आमच्यावर काही सांडलं, तर आतपर्यंत पुसत जा. आणि आपलं बोलून झालं की बोट उचला. पलीकडे कोणीतरी केव्हाचं हाका मारत असेल.