पायांनी पाहिलेली जागा

आमच्या ग्रुपचं जागा-पाहणीचं पत्रक आहे. सहा रकाने. रस्ता, जमीन, पाणी, सावली, आवाज, शेरा. ग्रुपमध्ये नऊ गाड्या आहेत. प्रत्येकीत बिछाने, शेगडी आणि एक कुटुंब. दर जानेवारीत तीन दिवस सगळ्या एका जागी उतरतात. जागा माझे वडील, आबा, शोधतात, पत्रक मी भरते. रकान्यात मावेल तेवढंच लिहायचं असतं.

या वेळी मावलं नाही.

रस्ता

बरा. भिसेगावातून खालापूर, मग उलटं येऊन नेरळमार्गे पोशीर.

आबांनी तीस वर्षं कारखान्याची बस चालवली. निवृत्त झाल्यावर एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेतली, आत बिछाने ठोकले, आईसाठी ओटा केला आणि बाहेरून लाल रंग दिला. गल्लीत तिला टपालपेटी म्हणतात. निघताना मी स्टीअरिंगवर बसले, आई दारात उभी होती.

"सुरभे, चपला काढू देऊ नको गं त्यांना."

"का?"

"थंडी हाय."

दहा वाजले होते आणि मला घाम येत होता. आबा आरशात बघत म्हणाले, "नंदा, तू कांदे चिर."

हे इथे सांगायला हवं: चपला काढणं हीच आबांची पद्धत. जागेवर पोचले की चपला गाडीच्या पायरीवर ठेवायच्या, हात मागे बांधायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचं. परत येऊन 'हो' किंवा 'नाय' एवढंच सांगायचं. पहिल्या वर्षी ग्रुपमधले मुंबईकर हसले होते. आबा म्हणाले, "चाक मुकं असतं. ते रुतल्यावर बोलतं. पाय आधी बोलतो." दहा वर्षं एकही चाक रुतलं नाही.

अकराव्या वर्षी, म्हणजे गेल्या जानेवारीत, कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याशी नाशिकच्या संजनाताईंची गाडी मागच्या चाकाने अर्धी खाली गेली. वाडीतला जैतू आणि त्याचे भाऊ दोर, दगड घेऊन आले तेव्हा कुठे निघाली. आबा म्हणाले, अवकाळी पडून गेला असणार. सगळे 'हो, हो' म्हणाले. जैतू दोर गुंडाळत राहिला. तिथे पाऊस पडला होता की नाही, हे त्याला माहीत होतं.

यंदा ग्रुपवर मेसेज आला: 'काका, खालापूरचं रिसॉर्ट बघायचं का? जमिनीची भानगडच नको. तुम्हाला दुसरं काही सापडलं तर शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर तेच पक्कं करू.' आबांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"भानगड," ते म्हणाले. 

आज शनिवार.

जमीन (खालापूर)

सिमेंटचे ठोकळे. गाड्यांसाठी पिवळ्या रंगात आखलेले नंबर. प्रत्येक नंबराशी विजेचा खांब आणि नळ. स्वप्नील नावाचा मॅनेजर फोन जमिनीवर ठेवून त्यातला पातळी मोजायचा बुडबुडा दाखवत होता.

"बघा काका, एकदम लेव्हल. चहाचा कप ठेवलात तरी हलणार नाय."

मला आबांचं उत्तर पाठ होतं. अशा जागेला ते बसस्टँड म्हणतात. मागच्या खेपेला लोणावळ्याच्या बाजूला अशीच जागा दाखवली होती, तर गाडीतून उतरलेही नव्हते.

आबा उतरले. पिवळ्या चारवर चपलांसकट उभे राहिले. चपलेने एक ठोकळा दाबून पाहिला.

"बरं हाय," ते म्हणाले.

"काय?"

"बरं हाय म्हणतो. पक्कं हाय. कोणाचं काय रुतायचं नाय इथं."

"आबा, हे बसस्टँड आहे."

"मग? बसच चालवली ना मी जन्मभर."

स्वप्नील खूश झाला, चहा सांगायला गेला. आबा त्या ठोकळ्यांकडे बघत राहिले, आणि मला वाटलं की मी दुसऱ्याच कुणाच्या तरी वडिलांना गाडीत बसवून आणलंय.

"पोशीर बघायचंच नाही?" मी विचारलं.

"कशाला उगाच."

"चंद्राबाईंना सांगितलंय, त्यांचं शेत बघायला येतो म्हणून. वाट बघत असतील."

आबा वळले. टपालपेटीत जाऊन बसले. चहा तसाच राहिला.

जमीन (पोशीर), पहिल्यांदा लिहिलं ते

'कापणी झालेली भातखाचरं. मोकळी, सपाट. पलीकडे ओहोळ. आबांनी मोठं खाचर अनवाणी पाहिलं. भाताचे खुंट ताठ आणि टोकदार असूनही ते सतरंजीवरून चालावं तसे चालले. जागा पसंत.'

जमीन (पोशीर), तेच पुन्हा

वरचं खोडते.

चंद्राबाई बांधावर पेंढ्याच्या उडवीला टेकून उभ्या होत्या. साठीच्या, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. शेत त्यांचं. आबा आधी बराच वेळ गाडीच्या पायरीवर बसून राहिले. मग चपला काढल्या. मी आईचं सांगणं आठवून काही म्हणणार होते. पण खालापूरच्या त्या 'बरं हाय' नंतर चपला काढलेले आबा बघून मला इतकं बरं वाटलं, की गप्प बसले.

ते खुंटांवरून चालू लागले. कापलेल्या भाताचे खुंट म्हणजे सुयाच. गावातली माणसंसुद्धा त्यांच्यामधून जपून पाय टाकत चालतात. आबा सरळ निघाले. कुठे अडखळले नाहीत, कुठे पाय उचलला नाही, एकदाही खाली पाहिलं नाही. मी फोनमध्ये लिहीत होते आणि मला अभिमान वाटत होता. तोही खोडते.

टोकाला जाऊन ते परत आले. "हो," म्हणाले. "मोकळं हाय. कोरडं हाय. इथंच."

"अवं दादा!" चंद्राबाई बांधावरून ओरडल्या. "मोकळं कसलं? वाल तुडवताय का माजे!"

आबांनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. खुंटांच्या मधोमध, ओळीने, बोटभर वालाची रोपं वर आली होती. दोन-दोन पानांची. भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे, वेगळं पाणी लागत नाही, हे या भागात जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. आबांना तर नाहीच. आणि जिथे वाल उगवून येतो, तिथे खाली ओल असते. नऊ गाड्या तिथे उभ्या केल्या असत्या तर जैतूच्या सगळ्या वाडीला बोलवावं लागलं असतं.

"तीस वर्सं बस चालवली म्हनता ना तुमी? समोर बघून चालवत व्हता का नाय?" चंद्राबाई हसत हसत खाली आल्या आणि मधेच थांबल्या. "दादा. रगत येतंय."

उजव्या टाचेतून येत होतं. खुंट मोडून आत राहिला होता, काडेपेटीतल्या काडीएवढा. आबांच्या मागे सगळ्या खाचरभर, एक सोडून एक पावलाला, लाल ठिपका होता.

"कुठं?" आबा म्हणाले.

पाणी

चंद्राबाईंच्या अंगणातल्या पिंपातलं. स्वच्छ.

मी आबांचा पाय धुऊन मांडीवर घेतला. खुंट चिमटीत धरून ओढला. पूर्ण निघेपर्यंत मीच दात आवळले होते. आबा पायाकडे बघत होते, शेजाऱ्याचा पाय बघावा तसे.

"दुखलं?"

"नाय. तेच तर."

चंद्राबाई हळद आणायला आत गेल्या. बराच वेळ आतच थांबल्या. कळत होतं त्यांना.

"दोन वर्सं झाली," आबा म्हणाले. "आधी बोटांची जाण गेली, मग तळव्याची. डाक्टर म्हणतो साखरेनं होतं. कापूस बांधून चालल्यासारखं लागतं बघ. तुझी आई रोज संध्याकाळी तळपाय बघते. चष्मा लावून. पेपर तपासल्यासारखी."

"म्हणजे गेल्या वर्षी कोंडाण्याला..."

"व्हय. मला सगळी जमीन सारखीच लागली. अंदाजानं सांगितलं, कोरडी हाय म्हणून."

"आणि अवकाळी?"

"अवकाळी नव्हता गं."

त्यांचा पाय अजून माझ्या मांडीवर होता. तळवा जाड, भेगांचा, ओला. मी लहान असताना याच पायांवर उभी राहून घरभर फिरायचे. ते चालायचे, मी फक्त धरून असायचे.

"सांगितलं असतं तर?" मी म्हटलं.

"मग जागा बघायला कोण बोलावतंय. बाकी मला येतं काय? कविता नाय येत, पत्ते नाय येत. त्या तीन दिवसांत सगळे सांगतात, काका, जागा काय शोधलीत. मी वर्सभर तेवढ्यावर ऱ्हातो."

चंद्राबाईंनी आणून दिलेली हळद दाबून मी फडकं बांधलं. त्यांना चपला घातल्या. मग माझ्या चपला काढल्या. 

"काय करतेस?"

"तुम्ही विचारा. मी चालते."

सावली

एक आंबा, तीन साग. सावलीला वेळ नव्हता, मी उन्हात होते.

वालाच्या कडेकडेने आधी तेच खाचर. आबा बांधावर, चंद्राबाई त्यांच्या शेजारी.

"कसं लागतंय?"

"टोचतंय!"

"ते खुंटांचं. मातीचं सांग."

"गार आहे."

"गार म्हंजे कसं? माठाच्या अंगासारखं, का माठाखालच्या जागेसारखं?"

मला डोळे मिटावे लागले. असं कधी कुणी मला विचारलं नव्हतं. "माठाखालच्या."

"मग पोटात पाणी हाय. सोड. वर ये."

वरच्या अंगाला दगडाळ वरकस होतं, तिथे भात होत नाही.

"आता?"

"खडे आहेत. गरम."

"खड्यांच्या मधली माती बोटांत येती का?"

"येतेय. पिठासारखी."

"हां," आबा उभे राहिले. "म्होरं चल. खळ्यावर जा."

वरकसाच्या मधोमध चंद्राबाईंचं खळं होतं. मळणी होऊन गेलेली, शेणाने सारवलेलं, वाळून टणक झालेलं. मधल्या खुंट्याभोवती चुकार दाणे.

"टाच आपट."

आपटली.

"अगं बाई, नाच बसवताय का काय पोरीचा?" चंद्राबाई म्हणाल्या.

"आवाज कुठवर आला?" आबांनी विचारलं.

मी पुन्हा आपटली, यावेळी ऐकून. आवाज कानाला नाही, हाडाला आला. "गुडघ्यापर्यंत."

"गुडघ्यापर्यंत!" त्यांनी चंद्राबाईंकडे पाहिलं, जणू परीक्षेचा निकाल ऐकलाय. "चंद्राबाय, ऐकलंत का? खळ्याभवती नऊ गाड्या. मधे सगळ्यांनी बसायचं. चालंल का?"

"चालंल की. खळं होळीपतूर मोकळंच हाय. पन वालाकडं चाक नाय आलं पायजे. आनि तुमची शहरातली मंडळी वालाच्या शेंगांची मडक्यातली पोपटी मागत्याल. आत्ताच सांगून ठेवा, शेंगा भरायच्या नायत तवर."

आवाज

ओहोळाचा नाही, तो लांब आहे. लांबून रेल्वेची शिट्टी. बाकी आम्ही तिघं.

पाच वाजता मी मेसेज पाठवला: 'जागा: पोशीर, चंद्राबाईंचं खळं आणि भोवतीचं वरकस.' फोटो जोडले. लगेच संजनाताईंचं उत्तर: 'सुंदर! फक्त मातीचं नक्की ना, काका? गेल्या वर्षीचा पाऊस आठवतोय.' शेवटी हसरा चेहरा.

आबांना वाचून दाखवलं. ते टपालपेटीच्या पायरीवर बसले होते, फडकं बांधलेला पाय पुढे ठेवून.

"लिहू, नक्की म्हणून?" मी विचारलं.

"मी सांगतो तसं लिही."

ते सांगत गेले, मी लिहिलं. एका वाक्याशी मी थांबले. "हे नको, आबा."

"लिही गं."

शेरा

'संजनाताई, गेल्या वर्षी पाऊस नव्हता. माझे पाय बधिर झालेत, मला ओल कळली नाही आणि मी ते लपवलं. तुमच्या चाकाची चूक माझी. यंदाची जमीन पक्की आहे. ती मी विचारली आणि सुरभीच्या पायांनी सांगितली. पुढच्या वर्षीही आम्ही दोघं बघू, तुम्हाला चालत असेल तर. तुमचे सहदेव काका.'

दोन निळ्या खुणा आल्या.  आबा फोनकडे बघत नव्हते, पण माझा फोन मांडीवरून खालीही ठेवत नव्हते. चंद्राबाई पेंढा बांधत होत्या. माझ्या तळव्यांची आग होत होती.

फोन थरथरला. संजनाताई:

'काका, मी येताना मोजे विणून आणते. तुमच्या पायाचा नंबर किती? आणि सुरभीचा?'

आबांनी दोनदा वाचून घेतलं. मग वाकून माझ्या उघड्या पायांकडे पाहिलं आणि त्यांच्या शेजारी आपला पाय लावून बघितला.

"तुझा लहान हाय," म्हणाले. "संजनाला सांग."

मी सांगितलं. तेवढ्यात आईचा फोन आला: चपला घातल्यात ना त्यांनी?

"घातल्यात," मी म्हटलं. "मी काढल्यात."