पाहुण्याला विचारायचं नसतं

तार्मो एस्टोनियाहून तीन वर्षांसाठी आला होता. शहाडजवळ उल्हास नदीच्या पाण्याचे नमुने तपासायचे, हे त्याचं काम. नदीत काय आहे ते आम्हाला न तपासता माहीत होतं, पण परदेशी माणसाने सांगितलं की त्याचा अहवाल होतो. कंपनीने त्याला कल्याण स्टेशनजवळच्या लॉजवर उतरवलं. लॉजखाली लग्नाचा हॉल. आल्यापासून बिचारा रोज वेगळ्या नवरदेवाच्या वरातीत झोपायचा प्रयत्न करत होता. आठवडाभरात घर मिळालं नाही तर नोकरी सोडून परत जातो, असं त्याने ऑफिसातल्या ऋजुताला सांगून टाकलं.

ऋजुता ही आमच्या सरोजताईंची भाची. सरोजताई म्हणजे कॉलेजात तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाई. डोंबिवलीत आमच्या ‘सहवास’ सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचे समोरासमोर दोन फ्लॅट. एकात त्या राहतात. दुसरा त्यांच्या मुलाचा, सलिलचा. तो टोरांटोला असतो आणि दर दिवाळीला फोनवर परत येतो. बंद घराला कोंदट वास यायला लागला म्हणून ताईंनी तार्मोला फ्लॅट द्यायचं ठरवलं, आणि तार्मो आमच्या कमिटीसमोर हजर झाला.

तो मराठी शिकून आला होता. कमिटीची पंचाईतच झाली. त्याच्यासमोर त्याच्याविषयी बोलायला भाषाच उरली नाही.

“आपका फॅमिली किधर है?” सेक्रेटरी विश्रामरावांनी विचारलं.

“एस्टोनियात. आई, वडील, बहीण.”

“वो नहीं. वाइफ.”

“मी लग्न केलेलं नाही.”

कमिटीने एकमेकांकडे पाहिलं. वय चव्वेचाळीस, पगार चांगला, निर्व्यसनी, आणि लग्न नाही. काहीतरी असणारच.

“त्याचं काय आहे,” विश्रामराव शेवटी मराठीवर आले, “आपल्याकडे बॅचलर भाडेकरू चालत नाही. तुमच्याबद्दल काही नाही हो. पण बिल्डिंगमध्ये मुली आहेत.”

मुली दोन. एक बंगळुरूला असते, दुसरी ज्युदो शिकवते.

“मी एकटा नसेन,” तार्मो उत्साहाने म्हणाला. “नाताळनंतर माझी मैत्रीण येणार आहे. राहायला.”

“मग तर विषयच संपला,” विश्रामरावांच्या पत्नी निशाताई म्हणाल्या. तार्मो आनंदाने हसला. त्याला वाटलं, काम झालं.

“म्हणजे एकटा राहिला तर चालत नाही, दोघं राहिली तर त्याहून चालत नाही,” सरोजताई म्हणाल्या. “त्याने करायचं काय?”

“लग्न,” कमिटी एका सुरात म्हणाली. इतकं एकमत पाण्याच्या टाकीवरूनही कधी झालं नव्हतं.

सरोजताईंनी चष्मा पुसला. “विश्राम, नियमात भाडेकरू म्हटलंय ना?”

“हो ताई.”

“मग हा माझा पाहुणा.”

“पण ताई, तो समोरच्या फ्लॅटमध्ये राहणार!”

“माझ्या पाहुण्याला कुठे झोपवायचं ते कमिटी ठरवणार का?”

“आणि भाडं?”

“पाहुण्याने जाताना-येताना पाकीट ठेवलं तर आपण त्याला आहेर म्हणतो.”

“अहो, पाहुणा तीन-तीन वर्षं राहतो का?”

“तसं वाटत असेल तर तू विचार त्याला, कधी जाणार ते.”

“मी?” विश्रामराव दचकले. “घरी आलेल्या माणसाला असं विचारू?”

झालं. त्याच संध्याकाळी तार्मो दोन बॅगा घेऊन आला. पोलिसांत रीतसर नोंद झाली. पोलिसांनी लग्नाचं विचारलं नाही. ते खातं आमच्याकडे आहे, हे त्यांना ठाऊक असावं.

महिना गेला. सगळी सोसायटी एकाच प्रश्नाने बेजार होती आणि तो विचारायची सोय नव्हती. विश्रामरावांकडे तर गुडघ्याच्या ऑपरेशनला आलेले चिपळूणचे मावसभाऊ चालायला लागून अर्धं वर्ष झालं, अजून सकाळचा पेपर आधी तेच वाचतात. त्यांना कुणी विचारलंय का?

मग आडून चौकशा सुरू झाल्या. “काय, रमलात का?” “रमलो.” “घरची आठवण येत असेल ना?” “व्हिडिओ कॉल करतो.” “उन्हाळा सोसणार नाही हो तुम्हाला.” “कूलर घेतला.” निशाताईंनी प्रवासात टिकतील असे मेथीचे ठेपले नेऊन दिले. त्याने ते बाल्कनीत बसून खाल्ले आणि डबा घासून, त्यात सफरचंदं भरून परत केला. सरोजताईंची शिकवण.

शेवटी विश्रामरावांनी मसलत केली. विचारता येत नाही, पण निरोप तर देता येतो! त्यांनी तार्मोला आणि ताईंना जेवायला बोलावलं, आम्हा कमिटीलाही. पुरणपोळी, अळूवडी, कटाची आमटी. जेवण संपल्यावर त्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि विश्रामराव घसा खाकरून म्हणाले, “तुमचा सहवास आम्हाला कायम आठवत राहील.” शाल-नारळ झाला की माणूस सत्कारमूर्ती होतो आणि उठून जातो, हे इथे लहान पोरालाही कळतं.

तार्मोला कुणी ते शिकवलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

“मला वाटत होतं, मी तुम्हाला नको आहे,” तो म्हणाला. “ऑफिसने कालच विचारलं, तीनऐवजी पाच वर्षं राहाल का? मी नाही म्हणणार होतो. पण एवढं स्वागत! आता हो कळवतो.”

सरोजताई शांतपणे बडीशेप निवडत होत्या.

“म्हणजे तुम्ही किती वर्षं...” विश्रामरावांच्या तोंडून निघालंच. निशाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जागीच थिजले. घरात पाहुणा बसलेला, आणि हे काय बोलणं?

“किती वर्षं झाली हो,” विश्रामराव कसेबसे म्हणाले, “असं काही छान ऐकून!”

आणि निशाताईंनी त्याला, रीतच ती, आणखी एका पोळीचा आग्रह केला.