ताईच्या गाठीची जाळी

धाकटीला घरात सगळे 'डॉक्टरीण' म्हणत, आणि ती डॉक्टर नव्हती हे कुणाच्या गावीही नव्हतं. लॅबमध्ये ती कॅन्सरच्या पेशी वाढवायची; रोग्याच्या नाडीला तिने जन्मात हात लावला नव्हता. पण घरच्यांनी एकदा कुणाला शहाणं ठरवलं की मग त्याच्या शब्दाबाहेर जायची सोय नसते.

ताईच्या स्तनातली गाठ ऑपरेशनने काढली, पण रोग तोवर फुप्फुसात पोचला होता. डॉक्टरांनी दोन औषधं सुचवली. त्यांचा कल जुन्या, जास्त त्रासाच्या औषधाकडे होता. भावोजी म्हणाले, डॉक्टर म्हणतात तेच घेऊ. धाकटी म्हणाली, जरा दम धरा. रीतसर परवानगी घेऊन तिने गाठीचा तुकडा लॅबमध्ये आणला, त्यातल्या पेशी प्लास्टिकच्या बशीत वाढवल्या आणि त्यांच्यावर दोन्ही औषधं घालून पाहिली. नव्या औषधाने पेशींचा फडशा पाडला. जुनं त्यामानाने मवाळ निघालं.

लॅबच्या मॅडम तेव्हा म्हणाल्या होत्या, "जाळीतही बघून घे." गाठीच्या तुकड्यातल्या पेशी धुऊन काढल्या की मागे एक पांढरट, चिवट जाळी उरते. शरीरात पेशी त्या जाळीला धरून बसलेल्या असतात, आणि तिच्या आधाराने त्या कशा वागतील याचा भरवसा नसतो. हे धाकटीला पाठ होतं. पण जाळी तयार व्हायला वेळ लागतो, आणि ताईकडे वेळ नव्हता. शिवाय बशीतल्या निकालाने धाकटीची छाती अभिमानाने फुगली होती, हेही खरं.

"नवंच घे, ताई. शंभर टक्के सांगते."

भावोजी काही बोलणार, तोच ताईने त्यांना गप्प केलं. "तुम्हाला त्यातलं काय कळतं? ती त्यातलीच आहे." ते उठून आत गेले आणि पुन्हा त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

ताईचे केस गेले, जेवण सुटलं, आणि फुप्फुसातले डाग वाढतच गेले. इकडे लॅबमध्ये करायला घेतलेली जाळी तयार झाली. धाकटीने त्याच पेशी त्या जाळीत सोडल्या. बशीत चिलटांसारख्या मेलेल्या पेशी जाळीत घट्ट मांड ठोकून बसल्या. नव्या औषधाला त्यांनी भीक घातली नाही. जुनं घातल्यावर मात्र त्यांनी माना टाकल्या.

मॅडमना आनंद आवरेना. "एकाच रोग्याच्या पेशी, बशीत एक उत्तर आणि जाळीत उलट! असं शोधून सापडत नाही, ताबडतोब लिहायला घे." रोगी कोण, हे त्यांना माहीत होतं, आनंदाच्या भरात विसरल्या इतकंच. धाकटी मान डोलवत राहिली. तिला स्वतःची किळस आली.

त्याच दुपारी ती डॉक्टरांना भेटली. सगळं ऐकून ते म्हणाले, "आता त्यांना ते औषध झेपणार नाही."

संध्याकाळी ती ताईच्या उशाशी बसली. भावोजी पायाशी टॉवेलच्या घड्या घालत होते.

"खरं सांग," ताई म्हणाली, "यांचं ऐकून ते जुनं घेतलं असतं, तर बरी झाले असते का गं?"

"नाही ताई. तेही चाललं नसतं. शंभर टक्के."

ताईचा चेहरा सैल झाला. "ऐकलंत ना? मी उगाच खात होते जिवाला. वाटायचं, तुम्हाला गप्प केलं तिथेच चुकले." बोलता बोलता तिचा डोळा लागला.

भावोजी धाकटीला दारापर्यंत सोडायला आले. ती चप्पल घालेपर्यंत खाली बघत उभे राहिले.

"तिला झोप लागली, बरं केलंस," ते म्हणाले. "मला मात्र खरं काय ते कधी सांगू नकोस."

"भावोजी, मी खरंच..."

"तेव्हाही तू शंभर टक्केच म्हणाली होतीस," ते म्हणाले, आणि हलकेच दार लावून घेतलं.