वाचणारे आत, लिहिणारा दारात

मी एक कुलूप बोलतोय. थांबा, उठून दाराकडे बघू नका, मी तिथे नाही. मला लोखंड नाही, कडी नाही, किल्लीसुद्धा नाही. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ॲम्ब्युलन्स पाठवणाऱ्या एका कंपनीचं ऑफिस आहे. तिथल्या मोठ्या कॉम्प्युटरच्या अगदी गाभ्यात, ज्याला ही मंडळी कर्नेल म्हणतात तिथे, मी राहतो. थोड्याशा ओळींच्या सूचना, एवढाच माझा देह. आणि खरं सांगायचं तर हा देह आता फार दमलाय.

माझ्या ताब्यात एक तक्ता आहे. कंपनीची कुठली गाडी या घडीला कुठल्या पत्त्यावर सापडेल, ते त्यात असतं. प्रत्येक गाडीत एक टॅब असतो. गाडी एका भागातून दुसऱ्या भागात गेली की टॅबचा नेटवर्कवरचा पत्ता बदलतो आणि तो तक्त्यात नव्याने लिहावा लागतो. गाडीला निरोप धाडायचा असेल तर आधी तक्ता वाचावा लागतो.

माझा नियम साधा आहे. वाचायला कितीही जण एकदम आत गेले तरी चालतील, कारण वाचल्याने काही बिघडत नाही. लिहिणारा मात्र एकटाच आत हवा. अर्धा खोडलेला पत्ता कुणी वाचला तर गाडी अंधेरीला असताना निरोप भलतीकडेच जाईल. म्हणून मी दारात बसून मोजत असतो. आत कितीजण आहेत, एवढा एकच आकडा माझ्या पोटात असायचा.

मला पहिल्यांदा कुणी लिहिलं ते मला माहीत नाही. मी नकलेची नक्कल आहे. इथे मला आणलं धम्मपालने. धम्मपाल वाकोल्याचा. त्याचे आईवडील जालन्याकडून आले आणि वाकोल्यातच राहिले. काम करताना त्याला मोठ्याने बोलायची सवय आहे, त्यामुळे मला ऑफिसातलं बरंच कळतं. बाकीचं फोनवरून कळतं, कारण इथले सगळे फोन याच मशीनमधून जातात. आगाऊपणा म्हणा हवं तर. दारात बसणाऱ्याला चार गोष्टी ऐकू येणारच.

जुनं मशीन लहान होतं. त्यात काम करणारे हात मोजके होते. या हातांना कोअर म्हणतात. तेव्हा माझं बरं चाललं होतं. मग धंदा वाढला आणि पुष्कळ कोअर असलेलं मोठं मशीन आलं. सगळ्यांना वाटलं, आता काम झपाट्याने होणार. झालं उलटंच. आत जाताना प्रत्येकाने माझा आकडा एकाने वाढवायचा, बाहेर पडताना एकाने कमी करायचा. आकडा एक आणि ओढणारे ढीगभर. याने खेचला की त्याने थांबायचं, त्याने खेचला की तिसऱ्याने. देवळात दर्शन पटकन व्हावं आणि सगळा वेळ चप्पल स्टँडवर जावा, तशी गत झाली. माझी तर नुसती ओढाताण चालली होती.

"अरे, एवढं महागाचं मशीन घेतलं आणि हे काय चाललंय?" नंदकिशोर सर ओरडले. कंपनी त्यांची.

धम्मपालने शोध घेतला आणि बोट माझ्यावर आलं. मग त्याने माझ्या आकड्याचे तुकडे केले. प्रत्येक कोअरजवळ त्याचा त्याचा छोटा आकडा ठेवला. वाचणाऱ्याने आपल्या जवळचाच आकडा हलवायचा, दुसऱ्याची वाट बघायची नाही. लिहिणारा आला तर त्याने सगळ्या कोअरकडे फिरून विचारायचं, "बाबा रे, तुझ्याकडे कुणी वाचतंय का?" सगळे एकाच वेळी नाही म्हणाले तरच आत शिरायचं.

मला हायसं वाटलं. कित्येक महिन्यांनी कुणी मला ओढत नव्हतं. टेस्ट घेतली तर वेगाचा आलेख उभाच्या उभा वर गेला. सरांनी वडापाव मागवले.

तेव्हा श्रुतिकाने एकच प्रश्न विचारला. श्रुतिका धम्मपालच्या शेजारच्या खुर्चीवर बसते, घाटकोपरची आहे, आणि कौतुकाच्या वेळी नेमकं नको ते विचारते.

"टेस्टमध्ये लिहिणारे किती सोडलेस रे?"

"अगं, लिहायला येतं कोण? सगळे वाचणारेच तर असतात."

"तरी पण?"

"यार, खा ना वडापाव."

तिने वडापाव उचलला. मला तर कुणी विचारलंच कुठे होतं? लिहिणारे कमी येतात हे खरं. पण ते येतात तेव्हा काहीतरी बदललेलं असतं म्हणून येतात, हे दारात बसलं की कळतं.

मग दहीहंडीचा दिवस उजाडला. त्या दिवशी उपनगरांत थर लागतात आणि थर कोसळतात. फोनवर फोन सुरू झाले. प्रत्येक फोनमागे तक्ता वाचायचा, प्रत्येक निरोपाला तक्ता वाचायचा. वाचणाऱ्यांचा पूर लोटला.

त्या पुरात जयवंत बोरिवलीहून घाटकोपरला पोचला. जयवंत आमचा जुना ड्रायव्हर, मालवणकडचा, वयाने सगळ्यांत मोठा. त्याच्या टॅबला नवा पत्ता मिळाला आणि तो लिहायला एक लिहिणारा माझ्या दारात आला. त्याने पहिल्या कोअरला विचारलं, कुणी नाही. दुसऱ्याला विचारलं, कुणी नाही. शेवटच्या कोअरपर्यंत पोचतो तोवर पहिल्याकडे नवे वाचणारे येऊन बसलेले. तो पुन्हा पहिल्याकडे गेला. पुन्हा तेच. मी त्याला आत घेऊ शकत नव्हतो आणि वाचणाऱ्यांना अडव असं मला कुणी शिकवलं नव्हतं. जयवंतचा पत्ता माझ्या दारात ताटकळत राहिला.

आणि घाटकोपरमध्ये आकाश नावाचा एक गोविंदा वरच्या थरावरून पडला. फोन घेणाऱ्या अनुपमाने सगळ्यांत आधी जयवंतलाच निरोप धाडला, कारण तिकडे जायला त्यालाच सांगितलं होतं. निरोप जुन्या पत्त्यावर गेला. उत्तर आलं नाही, म्हणून तिने त्याचा मोबाइल लावला. डीजेच्या आवाजात मोबाइल वाजलेला त्याला ऐकू येईना. तो कुठेतरी अडकला असेल असं समजून तिने मुलुंडची गाडी काढली. ती गर्दीतून येईपर्यंत पोरांचा धीर सुटला. त्यांनी आकाशला उचललं आणि टेम्पोत टाकून नेलं.

संध्याकाळी जयवंतचा फोन आला. मी तो आवाज विसरणार नाही.

"अरे, मी थंयच उभो होतंय! गल्लीच्या तोंडार! माझ्या डोळ्यांसमोरसून टेम्पो गेलो रे. माका कोणी सांगूक नाय?"

आकाश वाचला, पण उचलताना मणक्याला आणखी इजा झाली. त्याला अजून आधाराशिवाय उभं राहता येत नाही. धम्मपाल त्याला बघून आला आणि माझ्या ओळी पुन्हा उघडून बसला. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

मग तो श्रुतिकाला म्हणाला, "आमच्या वाकोल्याच्या विहारात अभ्यासिका आहे ना, तिथे झाडायची पाळी असायची. परीक्षेच्या दिवसांत हॉल रिकामाच व्हायचा नाही. एक उठला की दुसरा येऊन बसायचा. मी झाडू घेऊन तासभर उभा राहायचो."

"मग?"

"मग ठरलं, ज्याची पाळी त्याने दारात झाडू आडवा टाकायचा. आत बसलेत त्यांनी सावकाश संपवून उठायचं. पण झाडू ओलांडून नवीन कुणी आत यायचं नाही. मोठी पोरंसुद्धा थांबायची गं. आणि मीच हे विसरलो."

"आता आठवलंय ना? मग लिही."

त्याने तेच माझ्यात लिहिलं. लिहिणारा आला की आधी दारात खूण टाकणार, मग कोअरकडे विचारत फिरणार. खूण दिसली की नव्या वाचणाऱ्याने बाहेरच थांबायचं. आतले संपवून निघतात, लिहिणारा आत जातो, लिहितो, खूण उचलतो.

नंदकिशोर सरांनी आलेख बघितला. "वेगाचा आकडा खाली आलाय रे. पुढच्या आठवड्यात हॉस्पिटलवाले कंत्राट द्यायच्या आधी बघायला येतायत. तेवढ्यापुरतं जुनं ठेव ना."

"नाही सर."

"अरे, टेस्टच तर आहे!"

"आपण वडापाव खाल्ले ती पण टेस्टच होती सर. जुनं ठेवायचं तर ते तुम्ही जयवंतदादांना सांगा. मी नाही सांगणार."

आकडा खालीच राहिला. हॉस्पिटलवाले आले आणि तोंड वाकडं करून गेले, अजून त्यांचं उत्तर नाही. धम्मपालची बढतीही त्याच उत्तरावर अडकली आहे.

जयवंतचा मात्र तक्त्यावरचा, टॅबवरचा, आमच्या सगळ्यांवरचाच विश्वास उडाला. गाडी नव्या भागात शिरली की तो धम्मपालला फोन करायचा.

"पोचलो काय रे माझो पत्तो?"

"पोचला, दादा."

अंधेरीत शिरला की फोन, मुलुंडला शिरला की फोन. धम्मपाल जेवत असला तरी घास खाली ठेवून तक्ता बघायचा आणि मगच उत्तर द्यायचा. न बघता तो एकदाही पोचला म्हणाला नाही.

आता माझे दिवस भरले आहेत. धम्मपाल आणि श्रुतिका नवी व्यवस्था लिहीत आहेत. तिच्यात वाचणाऱ्यांना दारच लागत नाही. लिहिणारा तक्त्याची नक्कल करतो, तिच्यात बदल करतो आणि जुन्याच्या जागी नवा तक्ता टांगतो. जुना वाचत बसलेले उठले की जुना फाडून टाकायचा. ना मोजणं, ना ओढाताण. चांगली आहे. मला तिचा हेवा वाटत नाही. इतकं मोजून झाल्यावर मला फक्त निजायचं आहे.

जाताना एवढंच मागतो. माझ्या जागी जो येईल त्याला हवा तेवढा वेग द्या. पण तो दाखवताना आलेखाशेजारी दारात किती जण थांबलेत तेही दाखवा. आतल्यांची गर्दी सगळ्यांना दिसते, बाहेर थांबलेला एकटा कुणाला दिसत नाही.

आज दुपारी जयवंत मुलुंडला शिरला. त्याचा नवा पत्ता दारात आला, खूण पडली, वाचणारे थांबले, पत्ता लिहिला गेला. धम्मपालने डबा उघडला होता. सवयीने त्याने घास खाली ठेवला, तक्ता बघितला आणि फोनकडे बघत बसला.

फोन आला नाही.

थोड्या वेळाने त्यालाही कळलं, जयवंतला आता विचारायची गरज वाटली नव्हती. त्याने डोळे पुसले आणि जेवायला घेतलं.