गाडीमुळे सोडलेली जागा

मी रस्त्यावर पट्टे मारतो. शाळेपासून चौकापर्यंत सायकलच्या लेनचा पांढरा पट्टा माझ्याच हातचा. मुकादमालाही नाव ठेवता आलं नाही, आणि तो माणूस दुधातही खडे शोधतो.

आमची एक रीत आहे. कडेला गाडी उभी असली की तेवढी जागा सोडायची, उद्या येऊन भरायची. औषधाच्या दुकानापुढे अशीच एक गाडी होती. मालकाला शोधत कोण फिरणार? सोडली जागा. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे काम निघालं. पट्टा नाही म्हटल्यावर लोक तिथं खुशाल गाड्या लावायला लागले.

तिथल्याच एका गाडीला वळसा घालायला बायकोची सायकल लेनबाहेर गेली आणि मागून टेम्पो आला. मागच्या सीटवरच्या आमच्या चिमीचा हात मोडला. बायको गेली.

चिमीनं सगळ्यांना एकच सांगितलं, आई पट्ट्याच्या बाहेर गेली म्हणून. पट्ट्याच्या आत राहायचं, हे मीच दोघींना शिकवलेलं. मेव्हणी म्हणाली, ताईला सदा घाई. मी मान हलवली. लाज वाटायला हवी होती, पण तीही वाटली नाही. दीड महिना काहीच वाटत नव्हतं. दूध उतू जायचं आणि मी बघत राहायचो.

काल चिमीनं आईचं हेल्मेट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, तिनं ऐकलं नाही ना. मी हेल्मेट काढून पुसलं.

आज रविवार. दुकान बंद, जागा रिकामी. रंगाचा डबा, ब्रश घेतला आणि चिमीला सोबत नेलं.

"इथला पट्टा कुणी पुसला?" तिनं विचारलं.

"पुसला नाही. मी मारलाच नव्हता. गाडी होती, कंटाळा केला."

तिनं पट्टा संपतो तिथं पाय ठेवला. "मग आईनं जायचं कुठून होतं?"

गुडघे टेकून मी रंग लावायला लागलो. पट्टा वाकडा येत होता. एवढ्यात एक गाडी कडेला वळली. चिमी प्लास्टरचा हात छातीशी धरून तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"इथं नाही लावायची," ती म्हणाली. "बाबांचं काम राहिलंय."